मायनस गुंठे

बारावीचं गणित मला समजलं ते तालमीच्या फळ्यावर. कॉलेजात तास व्हायचे, सर चांगले होते, त्यांच्याविषयी तक्रार नाही. पण वर्गात ऐकलेलं डोक्यात जाऊन बसायचं ते संध्याकाळी, पेठेतल्या तालमीच्या कट्ट्यावर. कट्ट्याच्या वर भिंतीला मोठा काळा फळा होता. मंडळाची मीटिंग, जयंतीची मिरवणूक, पाणी कधी येणार नाही, गल्लीत कोण वारलं, सगळं त्याच्यावर खडूनं लिहिलं जायचं. मंडळाच्या पोरांनी तो आम्हाला संध्याकाळपुरता दिला होता, एका अटीवर. निधनाची बातमी असेल तर फळ्याला हात लावायचा नाही. तशा दिवशी आम्ही कट्ट्याच्या फरशीवर गणितं सोडवायचो आणि उठताना ओल्या फडक्यानं पुसून जायचो. येणारे-जाणारे वाकून बघायचे. एक म्हातारे आजोबा रोज विचारायचे, काय गं, आज कोण वारलं? आम्ही म्हणायचो, आज कोण नाही आजोबा, आज व्हेक्टर आहेत.

आम्ही चौघं होतो. नावानं आम्ही एकमेकांना कधी हाक मारली नाही. अकरावीच्या पहिल्या दिवशी सरांनी कोण कुठून येतं ते विचारलं आणि तेव्हापासून गाव हेच नाव झालं. मलकापूर म्हणजे उंच, काटकुळा, भाड्याच्या खोलीत राहणारा आणि एसटीच्या कंडक्टरसारखा खणखणीत बोलणारा. गणितात आमच्या सगळ्यांच्या पुढं. शिरोळ ही शहरात तिच्या मावशीकडं राहायची. तिच्या घरची नदीकाठची शेती. ती बोलायची कमी, आणि बोलली तरी शेवटचा शब्द तोंडातच ठेवायची. पेठ म्हणजे तालमीच्या गल्लीतलाच पोरगा, त्याच्या घरचं किराणा दुकान तालमीच्या समोरच होतं. फळा आम्हाला मिळाला तो त्याच्यामुळं. तो जैनांचा, सूर्य मावळायच्या आत जेवायचं, त्यामुळं त्याच्या आईनं गॅलरीतून हाक मारली की गणित कुठंही आलेलं असो, त्या दिवसापुरतं संपलं. आणि चौथी मी, कळंबा. केएमटीच्या बसनं यायचे, केएमटीनंच जायचे.

आमची पद्धत साधी होती. पुस्तकातले धडे वाटून घ्यायचे. ज्याच्या वाट्याला जो धडा, त्यानं तो आधी मुळापासून करायचा आणि मग फळ्यावर बाकीच्या तिघांना शिकवायचा. दुसऱ्या दिवशी शिकवणाऱ्यानं खडू धरायचा नाही. तो फक्त बसून ऐकणार. तिघांनी एकेक करून त्याचं गणित त्याला मोठ्यानं सांगत सोडवायचं. अडलं तर तो बोलणार, पण हात खिशात. मॅट्रिक्स पेठकडं होतं, व्हेक्टर शिरोळकडं, प्रोबॅबिलिटी माझ्याकडं. इंटिग्रेशन कुणालाच नको होतं, म्हणून ते मलकापूरनं घेतलं आणि घेताना आमच्यावर उपकार केल्यासारखं तोंड केलं. पेपर इंग्रजीत असायचा, शिकवणं मात्र आमच्या बोलीत चालायचं. आम्ही चौघंही मराठी शाळेतून आलेलो. इंग्रजी वाक्य आधी मराठीत उलटं करायचं, समजून घ्यायचं आणि मग पुन्हा सुलटं करून लिहायचं, हे आमच्या अंगवळणी पडलं होतं.

इथं घरचं थोडं सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या घरात कॉलेज संपवणारी मी पहिली. हे सांगताना मी आवाज खाली करत नाही. आण्णा, म्हणजे माझे वडील, दुधाचा टेम्पो चालवायचे. पहाटे गावोगावच्या डेअऱ्यांमधून कॅन उचलायचे आणि शहरात आणून पोचवायचे. त्यांचं शिक्षण सातवी. माझा मोठा भाऊ दहावीत गणिताच्या पेपरला चिठ्ठीसकट सापडला होता. आण्णांनी त्याला मारलं नाही, ओरडले पण नाहीत. शाळेतून दाखला काढला आणि त्याला ओळखीच्या गॅरेजात नेऊन सोडलं. मी सायन्सला जायचं ठरवलं तेव्हा त्यांनी मलाही समोर बसवून सांगितलं, "नापास झालीस तर परत बस. दोनदा बस. पण खोटं केलंस असं कॉलेजातनं कानावर आलं, की दुसऱ्या दिवशी दाखला." दादा तिथंच स्पार्क प्लग पुसत बसला होता. त्यानं मान वर केली नाही. ही नुसती धमकी नाही, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

तर मलकापूरच्या इंटिग्रेशनमध्ये शेवटी क्षेत्रफळ येतं. वक्ररेषा आणि आडवा अक्ष यांच्यामध्ये किती जागा सापडते ते काढायचं. रेषा अक्षाच्या वर असली तर उत्तर अधिक येतं, खाली असली तर उणे. शिरोळनं विचारलं, उणे क्षेत्रफळ म्हणजे काय समजायचं. मलकापूर याच प्रश्नाची वाट बघत होता.

"रान कधी मायनस गुंठ्यात असतंय व्हय?" त्यानं विचारलं. "सातबाऱ्यावर मायनस बघितलाय का कुणी?"

आम्ही हसलो. पेठ म्हणाला, त्यांच्या भाऊबंदकीत तेवढंच व्हायचं राहिलंय.

"मग? उत्तर मायनस आलं की मायनस काढून टाकायचा. आणि खाली इंग्रजीत एक ओळ लिहायची, एरिया कॅनॉट बी निगेटिव्ह. सर खूश."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघांनी तसंच सोडवून दाखवलं. पुस्तकाच्या मागची उत्तरं ताडून बघितली, सगळी जुळली. आता मला माहीत आहे ती का जुळली. आम्ही घेतलेल्या प्रत्येक गणितात रेषा एकतर पूर्ण वर होती नाहीतर पूर्ण खाली. पण तेव्हा धडा पक्का झाला असं आम्हाला वाटलं आणि आम्ही पुढं गेलो. मायनस गुंठे हा आमच्यात शब्दच पडला. पेठला कुठल्या टेस्टमध्ये कमी मार्क पडले की मलकापूर म्हणायचा, ह्याचं रान मायनस गुंठ्यात गेलं.

प्रीलिमला क्षेत्रफळाचं गणित आलं. रेषा डाव्या बाजूला अक्षाच्या खाली होती, पुढं अक्ष ओलांडून उजवीकडं वर गेलेली. आम्ही नेहमीसारखं एका दमात सोडवलं. उत्तर उणे पंधरा आलं. मायनस काढला, खाली ओळ लिहिली, पंधराला चौकट केली. पेपर संपल्यावर चौघांनी गेटवर उत्तरं पडताळली, चौघांची पंधरा. मलकापूरनं आम्हाला सगळ्यांना वडापाव खायला घातला.

पेपर वाटले त्या दिवशी आमचे चार पेपर सरांनी वाटलेच नाहीत. तास संपल्यावर स्टाफरूममध्ये बोलावलं. टेबलावर चारही पेपर शेजारी शेजारी उघडून ठेवलेले, आणि चौघांच्या चौकटीभोवती लाल गोल. सरांनी सांगितलं की वर्गात बाकीच्यांची उत्तरं दोनच प्रकारची आहेत. कुणाचं सतरा, ते बरोबर. कुणाचं उणे पंधरा, ते चूक. नुसतं पंधरा अख्ख्या वर्गात फक्त आमचं आहे. आणि त्याच्या खालची इंग्रजी ओळ अक्षराला अक्षर एकच. हॉल एक, रांग एक, बाक पुढं-मागं.

मलकापूर लगेच म्हणाला, सर, पंधराच बरोबर आहे. सरांनी चारही पेपर गोळा केले. मग म्हणाले, उद्या पालकांना घेऊन या. मी त्यांच्यासमोर विचारणार, आणि समाधान झालं नाही तर हे चारही पेपर कॉपी केस म्हणून प्राचार्यांकडं जाणार. आम्ही कॉपी केली नाही असं मी दोनदा सांगितलं. सर म्हणाले, हे पण चौघं सारखंच सांगणार, मला माहीत आहे.

त्या संध्याकाळी आम्ही तालमीत गेलो नाही. मलकापूर स्टँडपर्यंत आमच्याबरोबर आला आणि सगळ्या वाटेनं पंधरा कसं बरोबर आहे ते सांगत राहिला. मी ऐकतच नव्हते. मला दाखला दिसत होता.

घरी आण्णा दारात टेम्पो धूत होते. मी आत न जाता तिथंच सांगितलं, सगळं, आडपडदा न ठेवता. त्यांनी पाइप बंद केला.

"कॉपी केलीस?"

"नाही."

"मग चौघांचं सारखं कसं आलं?"

"आम्ही एकत्र शिकलो म्हणून."

"बरोबर शिकला असता तर बरोबर आलं असतं की."

त्यांनी ओल्या चाकावरून फडकं फिरवलं. मग म्हणाले, "उद्या येतो. पण एक आत्ताच सांगून ठेवतो. मला त्यातलं काय कळत न्हाय. सर जे म्हणतील ते मी धरणार. सर कॉपी म्हणाले, तर कॉपी." आणि पाइप पुन्हा सुरू केला.

दुसऱ्या दिवशी वर्गात आम्ही आठ माणसं होतो आणि नववे सर. पेठचे वडील दुकान उघडं टाकून आले होते आणि सारखे घड्याळ बघत होते. मलकापूरचे वडील पहिल्या एसटीनं आले होते, टोपी हातात धरून. शिरोळची मावशी आली होती. आण्णा शेवटच्या बाकावर बसले. बाक त्यांना पुरत नव्हता, गुडघे बाहेर काढून बसले होते. माझ्या आठवणीत ते पहिल्यांदाच माझ्या कॉलेजात आले होते.

सरांनी चौघा पालकांना पेपर दाखवले. चौघांनी ते हातात घेतले, बघितले आणि खाली ठेवले. वाचून काय कळणार होतं? लाल गोल तेवढा कळला. सर बोलत होते आणि मला एकच दिसत होतं, की आण्णा मान हलवायला लागलेत. त्यांनी आणखी थोडी मान हलवली असती तर माझं शिक्षण तिथं संपलं असतं. म्हणून मी मध्येच बोलले.

"सर, आम्हाला एकेकाला वेगळं गणित द्या. फळ्यावर. बाकीचे बाहेर थांबतील. आम्ही असंच सोडवतो, कुणाचं बघून नाही. एकट्यानं पण असंच सोडवणार."

सर म्हणाले, म्हणजे पुन्हा चुकून दाखवणार?

मी म्हटलं, चुकत असेल तर चुकूनच दाखवू.

पेठचे वडील हसले. सर हसले नाहीत, पण त्यांनी खडू उचलला. आम्हा तिघांना त्यांनी बाहेर काढलं आणि पेठला आत ठेवलं. ज्याचं झालं त्यानं आतच बसायचं, बाहेरच्याशी बोलायचं नाही. पेठनंतर माझा नंबर. आत गेले तर फळा कोरा होता. सरांनी एक सरळ रेषा दिली, हीसुद्धा वाटेत अक्ष ओलांडणारी. मी मोठ्यानं सांगत सोडवत गेले, तालमीतल्या सवयीनं. उणे आठ आलं. मी मायनस पुसला आणि खाली ओळ लिहिली. सरांनी विचारलं, मायनस का पुसलास. मी म्हटलं, क्षेत्रफळ ऋण नसतं. कुणी सांगितलं? मी म्हटलं, आमच्यात तसंच करतात. मागं पेठ बाकावर डोकं टेकून बसला होता, त्याच्या खांद्यांवरून तो हसतोय की रडतोय ते कळत नव्हतं.

मग मलकापूर. त्यालाही तसंच गणित, त्यानंही तसंच सोडवलं, आमच्यापेक्षा निम्म्या वेळात. सरांनी कारण विचारलं तेव्हा तो वर्गाकडं वळून, वडिलांच्या समोर, खणखणीत म्हणाला, "सर, रान मायनस गुंठ्यात नसतंय." त्याच्या वडिलांनी टोपी डोक्यावर घातली. आण्णांच्या बाजूनं खोकल्यासारखा आवाज आला. सरांनी खडू खाली ठेवला आणि चष्मा काढून पुसला, आणि मला वाटतं त्यांचं मत बदललं ते तिथंच. पण त्यांनी शिरोळला आत बोलावलं.

तिला त्यांनी पेपरातलंच गणित दिलं, पण म्हणाले, आधी आकृती काढ. आम्ही आकृती कधी काढत नव्हतो. मलकापूरला ते वेळ घालवणं वाटायचं. शिरोळनं आडवा अक्ष काढला, मग रेषा काढली, डावीकडं खाली, उजवीकडं वर. आणि थांबली. खडू फळ्याला टेकलेलाच. मला वाटलं, हिचं धैर्य गेलं. ही आता उत्तर पूर्ण करणार नाही आणि आमच्या तिघांवर पाणी फिरणार.

"सर, हे चुकतंय," ती म्हणाली.

सर म्हणाले, काय चुकतंय ते सांग.

"हे आमच्या रानासारखं हाय. मधनं पाट गेलाय. पाटाच्या वरचं रान थोडं, खालचं जास्त." तिनं खालच्या भागात सोळा लिहिलं आणि वरच्या भागात एक. "मोजताना दोन्ही वेगळी मोजायची आणि बेरीज करायची. आम्ही एका दमात मोजलं, म्हणून सोळातनं एक वजा झाला. आणि वरनं मायनस पुसला. सोळा आणि एक, सतरा."

या वेळी तिनं शेवटचा शब्द तोंडात ठेवला नाही.

मलकापूर बाकावरून उठला. फळ्याकडं बघत राहिला. त्याच्या तोंडावरचा रंग मला अजून आठवतो. मग सरांकडं वळून म्हणाला, "सर, हे मी शिकवलंय. ह्यांचं काय चुकलं न्हाय." आणि शिरोळला म्हणाला, "आधी का बोलली न्हाईस?"

"तू बोलू दिलंस का?" शिरोळ म्हणाली.

मावशी पहिल्यांदा हसली, मग सगळेच. सरसुद्धा. ते पालकांकडं वळले आणि त्यांनी जे सांगितलं ते मी तसंच्या तसं लक्षात ठेवलंय. म्हणाले, "कॉपी करणाऱ्याला उत्तर येतं, कारण येत नाही. या चौघांना चुकीचं कारण तोंडपाठ आहे. ही कॉपी नाही." मग आमच्याकडं बघून म्हणाले की मार्क मात्र मिळणार नाहीत, पंधराला मी सतरा म्हणणार नाही. आम्ही मागितलेही नव्हते. मलकापूरला त्यांनी वेगळं सांगितलं की शिकवणाऱ्यानं आकृती काढायचा कंटाळा करायचा नसतो. त्याचं ऐकून घेणं बघण्यासारखं होतं.

आज मी एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत डिझाइनला आहे. चार जणांनी एकच उत्तर आणलं की बाकीचे म्हणतात, चौघांचं जुळतंय म्हणजे बरोबर असणार. मी आधी विचारते, तुम्हाला चौघांना शिकवलं कुणी? आणि आकृती कुठाय? लोकांना वाटतं मी खोडसाळपणा करते. वाटू दे.

त्या दिवशी वर्गातून बाहेर पडल्यावर व्हरांड्यात आण्णा मलकापूरसमोर जाऊन उभे राहिले. तो बिचारा मान खाली घालून उभा होता, आपल्यामुळं सगळ्यांचे पालक आले म्हणून. आण्णांनी त्याला विचारलं, "पावणं, तिघांना तूच शिकवलंस?"

तो हो म्हणाला.

"झकास शिकवतोस की. एका कॅनातलं तीन कॅनांत ओतलं आणि एक थेंब सांडला न्हाय." मग थोडं थांबून, "फकस्त दूध आधी बघून घेत जा."

त्याचे वडील एवढे हसले की टोपी पडली.

पुढच्या संध्याकाळी आमची पद्धत बदलली. धडा एकानं शिकवायचा, पण आधी दुसऱ्या कुणीतरी तो त्याच्याकडून ऐकून उलटसुलट तपासायचा. आणि तपासणाऱ्यानं फक्त शंकाच काढायच्या, शहाणपण दाखवायचं नाही. क्षेत्रफळाचा धडा पुन्हा पहिल्यापासून घ्यायचं ठरलं, शिरोळनं शिकवायचं, मलकापूरनं शंका काढायच्या. त्याला शंका काढायला लावणं हीच त्याची शिक्षा होती, आणि ती त्यानं नीट भोगली. दर गणिताला आधी विचारायचा, "आकृती कुठाय बाई?"

पण त्याच्या आधीचं, त्या दिवशी घरी गेल्यावरचं सांगून थांबते. दादा गॅरेजातून आला तेव्हा आई भाकरी थापत होती आणि आण्णा तिला सगळं पहिल्यापासून सांगत होते, मायनस गुंठ्यांसकट. दादानं हातपाय धुतले, ताटावर बसला, ऐकत राहिला. संपल्यावर मला म्हणाला, "गंमत बघ. माझ्या चिठ्ठीतलं उत्तर बरोबर होतं."

आईचा हात थांबला. त्या चिठ्ठीचा विषय आमच्या घरात इतकी वर्षं कुणी काढला नव्हता.

मी विचारलं, कसं आलतं ते माहीत होतं का तुला.

"न्हाय की," दादा म्हणाला. "म्हणून तर चिठ्ठी." आणि भाकरी मोडली. जेवून झाल्यावर त्यानं मला सांगितलं, उद्या तालमीत मी सोडतो, केएमटीची वाट बघू नकोस. दुसऱ्या दिवशी त्यानं खरंच सोडलं. फळ्यावर निधनाची बातमी होती, म्हणून शिरोळ फरशीवर आकृती काढत होती. दादानं गाडी स्टँडवर लावली आणि अंगावरच्या ग्रीससकट कट्ट्याच्या कडेला बसला. आकृती पूर्ण होईस्तोवर तो उठला नाही.